चालतं बेट

सप्टेंबर १८४६

गेले काही दिवस ईशान्येचा वारा थांबायचं नाव घेत नव्हता. आज सकाळी तो पडलाय आणि आभाळ मोकळं झालंय. तुम्ही अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात, आउटर बँक्स नावाच्या वाळूच्या बेटांवर उभे आहात. ही बेटं लांबच लांब, पण इतकी अरुंद की काही ठिकाणी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर काही मिनिटांत चालत जाता येतं. पूर्वेला अटलांटिक महासागर. पश्चिमेला पाम्लिको साउंड. हा जलाशय उथळ आहे, पण एवढा विस्तीर्ण की पलीकडची मुख्य भूमी डोळ्यांना दिसत नाही.

साउंडकडे वळून पाहा. पाणी नेहमीपेक्षा फार मागे हटलंय. ईशान्येच्या वाऱ्यानं ते ढकलत ढकलत नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आणि नद्यांच्या पात्रांत नेऊन कोंडलंय. तुमची नजर मात्र समुद्राकडे आहे, कारण वादळ समुद्रातून येतं असंच तुम्ही आजवर ऐकलंय.

अकराच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून एकाएकी सोसाटा येतो आणि कोंडलेलं पाणी सुटतं. ते तुमच्या पाठीमागून येतं. मिजेट नावाचा इथला एक रहिवासी घोड्यावरून घरी निघालाय. घर पाऊण मैलावर आहे, पण वाट पाण्याखाली गेली आहे. तो वाळूच्या एका उंचवट्यावर घोडा चढवतो आणि तिथेच अडकतो. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा. पुढचे जवळजवळ पाच तास तो खोगिरावर बसून आपलं होतं नव्हतं ते वाहून जाताना पाहणार आहे. बायकापोरंही गेली असंच तो धरून चाललाय, आणि त्यांच्याकडे एक पाऊलही टाकणं त्याला शक्य नाही.

साउंडमधलं पाणी आता समुद्रापेक्षा उंच आहे. त्याला उतार हवा आहे. दोन टेकाडांमधली सखल जागा सापडताच ते तिथून समुद्राकडे झेपावतं, जाताना वाळू खरवडत नेतं, आणि जितकी वाळू जाते तितका प्रवाहाचा जोर वाढतो. वादळ शमतं तेव्हा बेटाचे दोन तुकडे झालेले असतात. मधे साउंड आणि समुद्र यांना जोडणाऱ्या या मुखाला पुढे ‘ओरेगॉन’ या जहाजाचं नाव मिळेल.

याच वादळात दक्षिणेकडे आणखी एक मुख फुटलं, हॅटरसचं. तिथे काल ओकची झाडं होती, अंजिराची आणि पीचची बाग होती, बटाट्याचा वाफा होता. रात्र सरल्यावर लोकांना साउंड आणि समुद्र एक झालेले दिसले, आणि मुळासकट उपटलेले ओक समुद्रात कोसळताना दिसले. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट १८६१ मध्ये, याच मुखावरचे किल्ले यादवी युद्धात उत्तरेच्या आरमारानं जिंकले आणि साउंडमध्ये शिरायची वाट मिळवली. वादळानं एका रात्रीत काढलेली वाट लष्कराच्या नकाशावर चढली.

डिसेंबर १८७०

केप हॅटरसला नवा दीपस्तंभ उजळतोय. सुमारे साठ मीटर उंचीचा, विटांचा. समोरच्या डायमंड शोल्स या वाळूच्या उथळ दांड्यांवर इतकी जहाजं फुटली आहेत की या किनाऱ्याला ‘अटलांटिकचं स्मशान’ म्हणतात. स्तंभाच्या पायथ्यापासून समुद्राकडे चालत जा. भरतीची रेषा जवळजवळ साडेचारशे मीटरवर आहे. बांधणाऱ्यांनी भरपूर जागा सोडली, असंच कोणालाही वाटेल. हे अंतर मात्र लक्षात ठेवा.

ऑगस्ट १८९९

आता दक्षिणेला, केप लुकआउटजवळच्या शॅकलफर्ड बँक्स या बेटावर या. इथल्या वस्तीचं नाव आहे डायमंड सिटी. शेजारच्या केप लुकआउट दीपस्तंभावर काळ्यापांढऱ्या चौकटी रंगवल्या आहेत, त्यावरून ते पडलं. माणसं मासेमारी करणारी, देवमाशांच्या शिकारीवर जाणारी. घरं वाळूच्या उंच टेकडीच्या आडोशाला.

येणारं वादळ ८ ऑगस्टला पोर्तो रिकोवर आदळलं होतं. तो संत सिरियाकसचा दिवस, म्हणून त्याला सान सिरियाको म्हणतात. दहाएक दिवसांत ते इथे पोचलंय. समुद्र आणि साउंड दोन्हीकडून पाणी चढतं आणि बेटाच्या मध्यावर एक होतं. गुरं बुडतात. बागांत आणि विहिरींत खारं पाणी शिरतं. कबरी उघड्या पडतात. त्याच वादळात, १८ ऑगस्टला, उत्तरेला हॅटरस बेटाच्या किनाऱ्यावर ‘प्रिसिला’ हे जहाज फुटतं. जीवरक्षक ठाण्याचा रॅस्मस मिजेट घोड्यावरून एकटाच गस्तीवर आहे. मदत आणायला परत जायचं तर वेळ नाही. तो लाटांत शिरतो आणि दहा माणसांना एकट्यानं किनाऱ्यावर आणतो.

वादळानंतर डायमंड सिटीत काय घडतं ते नीट पाहा. लोक घरं मोडू लागतात. फळ्या सुट्या करतात, काही घरांचे भागच्या भाग होड्यांवर चढवतात आणि साउंड ओलांडून हार्कर्स आयलंडला, मोरहेड सिटीला नेऊन पुन्हा उभे करतात. काही वर्षांत डायमंड सिटी ओस पडते. पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव सोडताना त्यांच्या जिवाचं काय झालं असेल, याची कल्पना ज्याचं घर कधी उठलं आहे त्यालाच येईल. पण त्यांनी माणसं वाचवली, घरंही वाचवली, आणि बेट वाळूला परत दिलं.

१९३६

मंदीचा काळ आहे. केप हॅटरसच्या दीपस्तंभाशी परत या आणि पुन्हा अंतर मोजा. समुद्र तीसएक मीटरवर येऊन ठेपलाय. सरकारनं स्तंभ सोडून दिला आहे आणि दिवा आत जंगलात, एका लोखंडी सांगाड्यावर नेलाय.

किनाऱ्यावर तरुण पोरं घाम गाळत आहेत. रूझवेल्ट सरकारच्या रोजगार योजनेवरची ही मुलं काटक्याकुटक्यांची कुंपणं उभारतात. वाऱ्यानं उडणारी वाळू कुंपणाशी अडते, ढीग होतो, ढिगावर गवत लावलं जातं. वर्षागणिक टेकड्यांची एक सलग भिंत समुद्रकाठानं वाढत जाते. तुम्हीही हातात गवताची जुडी घ्या. काम चांगलं आहे, हेतू प्रामाणिक आहे. बेट वाचवायचं आहे.

टेकड्या उभ्या राहिल्यावर लोकांना धीर येतो. दीपस्तंभासमोर पुळण पुन्हा रुंदावते आणि १९५० मध्ये दिवा स्तंभात परत येतो. टेकड्यांच्या आडोशाला डांबरी रस्ता होतो. रस्त्यामागून मोटेल येतात, सुटीची घरं येतात. १९६३ मध्ये ओरेगॉन मुखावर पूल होतो. पूल स्थिर आहे, मुख मात्र स्थिर नाही. १८४६ पासून ते तीन किलोमीटरहून अधिक दक्षिणेकडे सरकलं आहे. एका बाजूची वाळू खायची आणि दुसऱ्या बाजूला टाकायची, हा त्याचा रोजचा उद्योग.

मार्च १९६२

त्या पुलाच्या एक वर्ष आधीची ही सकाळ. ॲश वेन्सडे या ख्रिस्ती उपवासाच्या दिवसाचा सुमार. हे हरिकेन नव्हे, हिवाळी वादळ आहे, पण ते किनाऱ्यासमोर येऊन ठाण मांडून बसलंय. उधाणाचे दिवस आहेत. वादळ आलं आणि गेलं तर किनारा एकच भरती सोसतो. इथे लागोपाठ पाच भरत्या वादळावर स्वार होऊन येतात. बक्स्टन गावाच्या उत्तरेला टेकड्यांची भिंत फुटते आणि बेट दुभंगतं. ते मुख बुजवायला पुढचं वर्ष उजाडेल.

पाणी ओसरलं की किनाऱ्यावर उतरा. पुळण खाली बसली आहे, सपाट झाली आहे. वाळू गेली कुठे? बरीचशी समोरच आहे, पाण्याखाली. वादळाच्या उंच, एकामागोमाग येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर तिचा बुडीत दांडा रचतात. मग मागून येणारी लाट त्या दांड्यावरच फुटते आणि किनाऱ्यापर्यंत पोचेतो तिचा जोर उतरतो. पुढच्या उन्हाळ्यात शांत, लांब अंतरानं येणाऱ्या लाटा हीच वाळू हळूहळू परत आणून टाकतील. उरलेली वाळू बेट ओलांडून पलीकडे गेली आहे. साउंडच्या बाजूच्या खाजणावर तिचा पांढरा पंखा पसरलाय. स्पार्टिना नावाचं इथलं गवत त्याखाली गाडलं गेलं तरी वाळूतून वर निघतं.

आता समुद्राच्या बाजूला, अगदी लाटांच्या रेषेत, पायाखाली बघा. वाळू वाहून गेली तिथे काळसर, मऊ, चिवट थर उघडा पडलाय. हाताला मुळ्या लागतात. हा खाजणाचा चिखल आहे. खाजण तर साउंडच्या शांत पाण्यात वाढतं, उघड्या समुद्रासमोर कधीच नाही. मग ते इथे कसं?

वीस हजार वर्षांपूर्वी

उत्तरासाठी बरंच मागे जावं लागेल. हिमयुग भरात आहे. पृथ्वीवरचं प्रचंड पाणी बर्फात अडकलंय आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली आहे. तुम्ही उभे आहात तिथे कोरडी जमीन आहे आणि किनारा पूर्वेला कित्येक किलोमीटर दूर. आज ज्या तळावर ट्रॉलर जाळी ओढतात, तिथे मॅस्टोडॉन चरत आहेत.

मग बर्फ वितळू लागतं आणि समुद्र चढू लागतो. किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्यापुढे दोनच वाटा आहेत. जागच्या जागी बुडायचं किंवा पाण्याच्या पुढे पुढे जमिनीकडे सरकायचं. सरकायला पाय लागतात आणि ते पाय म्हणजे वादळं. प्रत्येक मोठं वादळ समुद्राच्या अंगाची वाळू उचलून बेटावरून पलीकडे टाकतं. पुढची कड झिजते, मागची वाढते आणि सगळं बेट स्वतःवरूनच लोळत मुख्य भूमीकडे सरकतं. मागच्या बाजूचं खाजण वाळूखाली गाडलं जातं, बेट त्याच्यावरून पुढे जातं आणि शेकडो वर्षांनी तेच खाजण समुद्राच्या बाजूला उघडं पडतं. मुखंही याच कामात असतात. भरतीबरोबर वाळू आत नेऊन ती साउंडमध्ये उथळ भाट्या रचतात आणि पुढे सरकणाऱ्या बेटाला पाया मिळतो.

१९३६ च्या टेकड्यांनी नेमकी हीच वाट बंद केली. १९७० च्या दशकात रॉबर्ट डोलन आणि पॉल गॉडफ्री या संशोधकांनी टेकड्यांनी बांधलेलं हॅटरस आणि मोकळं सोडलेलं कोअर बँक्स यांची तुलना केली. मोकळ्या बेटावर लाटांना पसरायला जागा होती, म्हणून पुळण रुंद राहिली. हॅटरसवर लाटा टेकडीच्या पायथ्याशी आदळून पुळण अरुंद करत गेल्या, आणि पलीकडच्या खाजणाला नव्या वाळूचा घास मिळेनासा झाला. बेट वाचवायला बांधलेल्या भिंतीनं बेटाचे पाय बांधले.

जुलै १९९९

दीपस्तंभाशी तिसऱ्यांदा या. समुद्र पुन्हा चाळीस मीटरच्या आत आला आहे. मधल्या काळात दगडी-लोखंडी धक्के घातले, वाळूच्या गोणी रचल्या, वाळू आणून ओतली. वाद अनेक वर्षं चालला. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी १९८८ मध्येच सांगितलं होतं की स्तंभ हलवावा. विटांचा एवढा मनोरा मोडेल, अशी भीती कितीतरी लोकांना होती.

आज ९ जुलै आहे. समोर जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो. सुमारे ४,४०० टनांचा दीपस्तंभ पायापासून सोडवून पोलादी चौकटीवर घेतलाय आणि जॅकच्या रेट्यानं तो रुळांवरून इंच इंच सरकतोय. १७ जूनला तो निघाला. जवळजवळ नऊशे मीटर चालून आज नव्या पायावर पोचतोय आणि पुन्हा समुद्रापासून तेवढाच दूर आहे, जेवढा १८७० मध्ये होता. काही आठवड्यांतच ‘डेनिस’ हे हरिकेन या किनाऱ्यासमोर अनेक दिवस रेंगाळेल आणि बक्स्टनच्या उत्तरेचा रस्ता उखडून टाकेल. स्तंभ तोपर्यंत आत जाऊन उभा आहे.

डायमंड सिटीच्या कोळ्यांनी होड्यांवर जे केलं, तेच शंभर वर्षांनी इंजिनिअरांनी रुळांवर केलं.

सप्टेंबर २००३ आणि ऑगस्ट २०११

१८ सप्टेंबर २००३. ‘इसाबेल’ येतंय. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले ॲबी सॅलेंजर यांनी वादळाच्या पायऱ्या सांगितल्या होत्या, त्या आता ओळीनं तुमच्यासमोर घडतील. पहिल्या पायरीवर लाटा फक्त पुळणीवर धावतात. दुसऱ्या पायरीवर टेकडीच्या पायाशी धडकतात आणि ती कोरतात. तिसऱ्या पायरीवर माथ्यावरून उसळून मागे उतरतात. चौथ्या पायरीवर टेकडी उरतच नाही, सगळं बेटच समुद्राचा तळ होतं. वाऱ्याच्या वेगापेक्षा महत्त्वाचं असतं ते पाण्याची उंची आणि टेकडीची उंची यांतलं अंतर. म्हणून एकाच वादळात एक गाव राहतं आणि शेजारचं जातं.

हॅटरस गावाच्या उत्तरेला चौथी पायरी गाठली जाते. सुमारे पाचशे मीटर रुंद मुख फुटतं आणि गाव एकटं पडतं. लष्कराचे इंजिनिअर ड्रेजरनं वाळू ओतून दोन महिन्यांत ते बुजवतात आणि रस्ता पुन्हा जोडतात.

आठ वर्षं पुढे या. २७ ऑगस्ट २०११, ‘आयरीन’. वारा साउंडचं पाणी मुख्य भूमीकडे ढकलतो, मग फिरतो आणि कोंडलेलं पाणी परत येतं. पाठीमागून. ओरेगॉन मुखाच्या दक्षिणेला बेट पुन्हा फुटतं आणि रस्ता तुटतो. मिजेटच्या घोड्याशेजारी उभे राहून तुम्ही हेच पाहिलं होतं. १६५ वर्षांत इथे रस्ता, वीज, घरं सगळं नवं आलं. वादळाची रीत जुनीच आहे.

मे २०२२

रोडांथी गाव. १० मे. किनाऱ्यावर खांबांवर उभारलेली सुटीची घरं आहेत. बांधली तेव्हा त्यांच्यासमोर रुंद पुळण होती. आज खांबांमधून लाटा येजा करत आहेत. एक घर कुरकुरतं, गुडघे मोडल्यासारखं खाली बसतं आणि तरंगत निघून जातं. त्याच दिवशी आणखी एक जातं. पुढच्या वर्षांत अशी आणखी घरं जातील. लाकूड, खिळे, काचतंतूंचे थर आणि मैलाच्या टाक्यांतली घाण किनाऱ्यावर मैलोन्‌मैल पसरेल.

त्याच उन्हाळ्यात रोडांथीला नवा पूल खुला होतो. जुना रस्ता बेटावरून जायचा आणि दर मोठ्या वादळात वाहून जायचा. जवळजवळ चार किलोमीटरचा हा पूल बेट सोडून साउंडच्या पाण्यावरून वळसा घेतो, म्हणजे तेवढं बेट आता रस्त्यापासून मोकळं आहे. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान विभागानं रोडांथीतली दोन घरं विकत घेतली आणि समुद्रानं पाडायच्या आत स्वतः पाडून किनारा मोकळा केला. खर्च मोठा आहे आणि शहाणपण उशिरा आलंय, पण दिशा बरोबर आहे.

आज, देवबाग

आता घरी या. मालवणच्या दक्षिणेला देवबाग आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर माडांखाली वसलेलं गाव. कोकणचा बहुतेक किनारा खडकाळ टोकांच्या मधल्या पुळणींचा आहे, हॅटरससारखी बेटांची माळ इथे नाही. पण देवबागच्या माणसाला दोन्हीकडून पाणी चढणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुरूच्या आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकणसमोरून गेलं.

प्रत्येक उधाणानंतर कोकणातल्या गावांची मागणी एकच असते, धूपप्रतिबंधक बंधारा. ज्याच्या अंगणात लाट आली आहे त्यानं ती करावी यात काही चूक नाही. जिथे जुनी वस्ती आहे, हलायला जागा नाही, तिथे दगड टाकावेच लागतील. पण बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट समोरची पुळण खरवडते, आणि बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन अधिक वेगानं खाते. बंधाऱ्यानं घर वाचतं, पुळण जाते. होड्या ओढायला, मासळी वाळवायला, कासवांनी अंडी घालायला जी जागा लागते ती पुळणच असते.

म्हणून खरा प्रश्न जिथे अजून काहीच बांधलेलं नाही त्या किनाऱ्याचा आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणायची वाट करून दिली. हॅटरसच्या दीपस्तंभापुढे साडेचारशे मीटर जागा होती आणि ती पासष्ट वर्षांत जवळजवळ संपली. समुद्र आता तेव्हापेक्षा वेगानं चढतोय.

किनाऱ्यावर रिसॉर्टचा नकाशा, रस्त्याची आखणी किंवा स्वतःच्या घराचा चौथरा मंजूर करण्याआधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्याच्या लहानपणी पाणी कुठवर होतं. ती जागा आणि तिच्या मागची आणखी थोडी वाळूसाठी मोकळी ठेवा. पुळणीमागची टेकाडं सपाट करू नका, त्यावरच्या वेली उपटू नका, खाडीतली वाळू बेसुमार उपसू नका. वादळं येणारच आहेत. वाळूला सरकायला जागा असेल तर त्यांच्यानंतरही आपल्याला किनारा असेल.